देव्हाऱ्यातली पंखवाली देवी आणि बसऱ्याला गेलेले पणजोबा

जगबुडीकाठ | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर खेड तालुक्यात. यंदा मे महिन्यात कौलं उतरवून पत्रे घालायचं काम काढलं, म्हणून देव्हारा आठवडाभर आत्याच्या खोलीत हलवला. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि एक 'पंखवाली देवी'. ही देवी मी लहानपणापासून बघतोय. जुन्या रुपयाहून मोठी, तांबूस चकती. मध्ये उभी बाई, पाठीला पंख, एक हात पसरलेला, दुसऱ्या हातात डहाळी. दर सणाला चिंचेने घासून घासून चेहरा पार सपाट झालाय. आपल्यात कुठल्या देवीला पंख असतात, हा प्रश्न मला पंचेचाळिसाव्या वर्षी पडला!

उलटी करून बघितली तर मागे पानांचं कडं आणि इंग्रजी अक्षरं: 'द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन १९१४-१९१९'. कडेच्या जाडीवरही बारीक अक्षरं ठोकलेली आहेत. त्यात चार आकडी नंबर, मग 'सिपॉय', मग गंधाने बुजलेलं काहीतरी, आणि शेवटी '११७ मराठाज'.

घरात पूर्वापार सांगतात की आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले होते. गावात त्यांना 'पेन्शनर' म्हणत. नांगर धरताना बैलांना 'होलट' म्हणून थांबवायचे. परसात दोन खजुरीची झाडं आहेत, ती त्यांनी बसऱ्याहून आणलेल्या बियांची. परत आल्यावर पुन्हा खोताची जमीन अर्धेलीने करत राहिले आणि तिथेच संपले. फोटो नाही, कागद नाही. गावातल्या शाळेच्या भिंतीत महायुद्धाचा संगमरवरी दगड आहे, पण त्यावर इतक्यांदा ऑइलपेंट बसलाय की काही वाचता येत नाही.

साध्या शिपायाची माहिती कुठे मिळते? अधिकाऱ्यांचं सगळं मिळतं, हे बघून झालंय.

---

दारूगोळा | ३ जून, रात्री ११:५५

अहो, काय सुंदर वस्तू आहे ही! ते 'व्हिक्टरी मेडल'. पंखवाली बाई म्हणजे विजयाची देवता, तेव्हा देव्हाऱ्यात अगदीच चुकीच्या जागी नाही. याच्याबरोबर चांदीचं 'ब्रिटिश वॉर मेडल' मिळायचं. त्यावर घोडेस्वार असतो. ते बहुतेक सोनाराकडे गेलं असणार. पितळी-ब्राँझचं कुणी गहाण घेत नाही, म्हणून हेच घरोघरी उरतं.

११७ वी मराठा पलटण ही 'पूना डिव्हिजन'मधली, म्हणजे सहाव्या डिव्हिजनमधली. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाशी फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई. मग टायग्रिसच्या काठाने वर वर, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत. तिथे दम संपला आणि जनरल टाउनशेंड सगळं लटांबर घेऊन कूत अल-अमाराला मागे आला. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या.

कैद्यांतल्या साध्या शिपायांना पायी हाकलत नेलं. कित्येकांना पुढे रास अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला.

याच ११७ ला पुढे 'रॉयल' किताब मिळाला आणि १९२२ च्या फेररचनेत ती बेळगावच्या मराठा रेजिमेंटची पाचवी पलटण झाली.

पण थांबा. ११७ चा प्रत्येक माणूस कूतमध्ये नव्हता. आजारी आणि जखमी आधीच परत पाठवले होते, नवे रंगरूट नंतर आले. त्यामुळे आधी कडेवरचं नाव पूर्ण वाचा. खरवडू नका. कोमट पाण्यात ठेवा आणि लाकडी दातकोरणीने हळूच गंध काढा. त्या नावाशिवाय पुढे काही हलणार नाही.

---

शिंदीमाडी | ४ जून, सकाळी ७:१५

झाडांचा फोटो टाकाल का? बसऱ्याचा खजूर कोकणच्या पावसात तगणं कठीण. ती शिंदी, म्हणजे आपल्याकडचा रानटी खजूर असणार असा संशय आहे. फळं बारीक, बी मोठी, गर नावाला?

---

जगबुडीकाठ | ४ जून, सकाळी ९:०२

होय. फळं बारीक. आणि आत्ता आठवलं, खालच्या वाडीतही तसलीच दहा-बारा झाडं आहेत. त्यांच्याकडचं कुणी बसऱ्याला गेलं नव्हतं.

---

उकडपेंडी | ४ जून, सकाळी ९:२०

गेली खजूर. आता 'होलट' तरी राहू द्या हो!

---

दारूगोळा | ४ जून, सकाळी १०:०५

वाईट वाटून घेऊ नका, पण 'होलट'चंही तसंच. खेड, दापोली, मंडणगड हा पेन्शनरांचा मुलूख. कवायतीचे शब्द गावात रुळलेले होते. पलटणीत न गेलेला माणूसही बैलांना हॉल्ट म्हणू शकतो.

---

तिरकस | ४ जून, दुपारी १:३०

धागा चांगला आहे, पण एक बोचरं बोलतो. हे लोक कुणासाठी लढले? इंग्रजांना मेसोपोटेमियातलं तेल आणि बंदर राखायचं होतं. तुर्कांनी आपलं काय वाकडं केलं होतं? सक्तीची भरती नव्हती, स्वखुशीने गेले. भाडोत्री म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मेडल देव्हाऱ्यात ठेवणं म्हणजे तर कहरच.

---

कातळसडा | ४ जून, दुपारी २:४८

'स्वखुशीने' हा शब्द लिहायला सोपा आहे, तिरकसराव. खोतीच्या गावात कुळाची खुशी म्हणजे काय, ते माझ्या आजोबांकडून ऐकलंय. चैत्रात राब भाजायचा, मिरगाला पेरायचं, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी, आणि खळ्यावर भात झोडलं की अर्धं खोताच्या घरी. वर वेठ होतीच. खोताच्या घरी लग्न असलं तर लाकडं फोडायची, पालखी उचलायची. दिवाळीनंतर घरात नाचणी-वरी, आणि फाल्गुनानंतर पेज. रोख पैसा नावाची गोष्ट दोनच दिशांनी यायची, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण.

शिपायाचा पगार महिना ११ रुपये. शांततेच्या काळात त्यातूनच शिधा भागवायचा, फुकट शिधा युद्ध सुरू झाल्यावर काही वर्षांनी लागू झाला. तरी त्या ११ रुपयांची मनीऑर्डर येणं म्हणजे घरातल्या माणसांना खोताच्या ओसरीवर न जाता मीठ-कापड आणता येणं. खोती कायद्याने गेली १९४९ साली. म्हणजे तुमचा स्वखुशीचा माणूस परत येऊन पुन्हा त्याच खळ्यावर उभा राहिला.

---

तिरकस | ४ जून, दुपारी ३:१०

गरिबी मान्य. पण गरिबीने गेलेला आणि देशासाठी गेलेला यांत फरक करायला नको? आपल्याकडे शताब्दीच्या वेळी सगळ्यांनाच 'वीर' करून टाकलं.

---

दारूगोळा | ४ जून, दुपारी ४:००

फरक करा की. पण तेव्हाच्या पुढाऱ्यांचं मतही तपासा. १९१८ साली गांधी खेडा जिल्ह्यात (आपलं खेड नव्हे, गुजरातचं) भरतीसाठी गावोगाव हिंडत होते. टिळकांचाही भरतीला विरोध नव्हता, त्यांचं म्हणणं होतं की आधी स्वराज्याचं बोला. १० जून १९१८ च्या मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हेच बोलायला लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं. मग खेडच्या कुळाने १९१४ सालीच तुमच्या-माझ्याइतका विचार करायला हवा होता, हा आग्रह कशासाठी?

---

औषधी काढा | ४ जून, रात्री ८:३५

मी पेशाने डॉक्टर. कूतचा वेढा आम्हाला वेगळ्याच कारणाने शिकवतात. त्याच शहरात, त्याच महिन्यांत दोन आजार दोन वेगळ्या लोकांना झाले. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव मिळायचा, त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपायांच्या वाट्याला आटा आणि जवाचं पीठ, म्हणून ते बेरीबेरीपासून बरेचसे वाचले. पण भाजीपाला नाही आणि घोड्याचं मांस खायला ते तयार नाहीत, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त येतं, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगीसुद्धा मागवली, तरी पुष्कळांनी अगदी शेवटी शेवटीच तोंड लावलं. गावात परतल्यावर 'घोडा खाल्ला' म्हणून वाळीत टाकतील, ही भीती मरणाहून मोठी होती.

वरून विमानाने धान्य टाकण्याचाही प्रयत्न झाला. आत धान्य होतं पण दळायची सोय अपुरी, म्हणून जात्याचे दगडदेखील विमानातून टाकले. भात खाणारा कोकणी माणूस, आकाशातून जात्याची तळी पडताना बघतोय...

---

उकडपेंडी | ४ जून, रात्री ९:०१

आणि मेडलवर काय लिहिलंय? 'फॉर सिव्हिलायझेशन'.

---

चवदारकाठ | ५ जून, सकाळी ११:२०

सगळा धागा वाचला. मी महाडची. एक बाजू राहिली म्हणून लिहिते.

आमच्या पणजोबांनाही जायचं होतं, पण दारच बंद होतं. १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चं खूळ निघालं आणि महारांची भरती थांबवली. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या होत्या त्यांना सांगितलं की तुम्ही लढाऊ नाही. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर, त्यांनी याविरुद्ध अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही केला. उपयोग झाला नाही. मग युद्धात माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महार रेजिमेंट आली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या युद्धाची गरज लागली तेव्हा.

म्हणून 'स्वखुशीने' या शब्दावर मला वेगळाच राग आहे. जायचं की नाही हे ठरवायची संधीसुद्धा सगळ्यांना नव्हती.

दगडाबद्दल. तुमच्यासारखे दगड आमच्याकडेही आहेत. त्यांच्यावर कुणाचं नाव नसतं. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, बस. साताऱ्याच्या अपशिंग्यातही तसंच, मेलेले ४६. आता १८२१ चा कोरेगावचा स्तंभ आठवा. कंपनीचं राज्य, मराठी गावची माणसं, पण पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यातली २२ 'नाक' लावलेली, म्हणजे महारांची. शंभर वर्षांत सरकार नावांवरून आकड्यावर आलं. आणि आमच्या गावच्या आकड्यात महारवाड्यातले धरलेत की नाहीत, हे सांगायला कुणी उरलं नाही.

---

दारूगोळा | ५ जून, दुपारी १२:१०

शंभर टक्के सहमत. बसऱ्याच्या स्मारकाचंही हेच. ४० हजारांहून जास्त मृतांचं स्मारक, गोऱ्यांची नावं भिंतीवर, हिंदी अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. नावं वहीत. सद्दामच्या हुकुमाने १९९७ मध्ये ते स्मारकच उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन ठेवलं.

---

जगबुडीकाठ | ८ जून, रात्री ११:३०

मंडळी, गोंधळ झालाय.

आत्याने आधी साफ नकार दिला. "देवीला पान्यात बुडवून ठेवतात व्हय रे मेल्या? गनपतीय का तो?" मग म्हटलं, आत्या, अभिषेक समज. तासभर कोमट पाण्यात ठेवली, दातकोरणीने एकेक अक्षर मोकळं केलं. गंधाचे लाल कण ताटलीत जमले, ते आत्याने तुळशीत ओतले.

नाव स्पष्ट वाचता आलं. आडनाव आमचंच. पण पहिलं नाव पणजोबांचं नाही.

---

कातळसडा | ८ जून, रात्री ११:४१

कारकुनाने काहीबाही ऐकून लिहिलं असेल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपल्या नावांचं काय होतं बघताच.

---

जगबुडीकाठ | ८ जून, रात्री ११:५०

नाही हो, पहिलं अक्षरसुद्धा जुळत नाही.

---

औषधी काढा | ९ जून, सकाळी ८:००

वेगळ्या नावाने भरती व्हायचे काही जण. पण आधी साधं विचारा, पणजोबांना भाऊ होता का?

---

जगबुडीकाठ | ९ जून, रात्री ९:१५

होता. थोरला. बाबांना आणि आत्याला एवढंच माहीत की तो 'ऐन तरणेपणी पटकीने गेला'. कुठे गेला, कधी गेला, काही नाही. नावही नक्की आठवत नाही, घरात घेत नसत. त्याची बायको मात्र आत्याने बघितली आहे. आत्या शाळेत असेपर्यंत ती होती. सगळे तिला 'थोरली' म्हणायचे.

---

दारूगोळा | ९ जून, रात्री ९:३०

पटकी! बसऱ्याकडे पटकीने माणसं पटापट मेली आहेत. आता मी सांगतो तसं करा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांचा शोध घेता येतो. नाव टाकू नका, स्पेलिंगमध्ये अडकाल. पलटण ११७ मराठा, साल १९१४ ते १९२१, आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात फक्त खेड. त्यातून नंबर जुळवा. मेडलवरचा नंबर खोटं बोलत नाही.

एक लक्षात घ्या, तिथे फक्त मेलेले सापडतात. धडधाकट परत आलेल्याचा त्या यादीत मागमूस नसतो. म्हणून पणजोबांसाठी हा मार्ग मी आधी सुचवला नव्हता.

---

जगबुडीकाठ | १० जून, पहाटे १:२०

सापडला.

नंबर जुळला. ऑगस्ट १९१६, बसरा स्मारक. खाली एक ओळ: अमक्याचा मुलगा (आमच्या खापरपणजोबांचं नाव, बरोबर), अमकीचा नवरा, राहणार आमचं गाव, खेड, रत्नागिरी. गावाच्या नावाचं स्पेलिंग इतकं विचित्र आहे की मोठ्याने वाचल्यावरच कळलं.

---

दारूगोळा | १० जून, सकाळी ७:४०

ऑगस्ट १९१६, म्हणजे कूत पडल्यानंतर चार महिन्यांनी. कैदेत गेला असण्याची शक्यता मोठी. पण बसऱ्याच्या इस्पितळातही असू शकतो, तिथे त्या उन्हाळ्यात हाल कुत्रं खात नव्हतं. एवढ्यावरून पक्कं म्हणू नका.

आणि पणजोबा?

---

जगबुडीकाठ | १२ जून, रात्री १०:०५

तेच विचारायला रविवारी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे गेलो. वय नव्वदीच्या पुढे, कान गेलेले, डोकं शाबूत. मी ओरडून विचारलं, आमचे पणजोबा पलटणीत होते ना? ते हसायलाच लागले. म्हणाले, "तो कसला पलटनीत! त्याचा एक डोळा अधू. कोन घेईल त्याला? तो वैनीचं पेन्शन आनायला कचेरीत जायचा, म्हनून पेन्शनर."

म्हणजे थोरला पलटणीत गेला आणि मेला. धाकटा, आमचे पणजोबा, जन्मभर खोताच्या जमिनीत राबले आणि पेन्शनच्या दिवशी विधवा भावजयीला घेऊन खेडला चालत जायचे. तिचा अंगठा लागायचा ना. दोन पिढ्या गेल्या आणि घरच्यांनी दोघांचा मिळून एक माणूस केला. बैलांना होलट म्हणणारा, खजूर लावणारा, बसऱ्याहून परतलेला. तसा माणूस कधी नव्हताच.

बाबा दोन दिवस गप्प आहेत. वरच्या अंगाचा जो तुकडा आम्ही 'पलटणीचा मळा' म्हणतो, तो त्या पेन्शनीतून गहाणातून सोडवलेला, हे मात्र त्यांना आठवलं.

---

तिरकस | १२ जून, रात्री १०:५०

माझा वरचा 'देव्हाऱ्यात ठेवणं म्हणजे कहर' हा शेरा मागे घेतो. बाकीच्या मुद्द्यावर अजून भांडायला तयार आहे.

---

चवदारकाठ | १३ जून, सकाळी ९:३०

मेडल देव्हाऱ्यात ठेवलं कुणी, हे आत्यांना विचाराल का? आपल्याकडे लढाईत पडलेल्या माणसाचा 'वीर' म्हणून टाक करतात. मला नाही वाटत कुणी त्याला देवी समजून ठेवलं असेल.

---

जगबुडीकाठ | १५ जून, रात्री ८:४५

विचारलं. आत्या बराच वेळ आठवत होती. मग म्हणाली, थोरली असेपर्यंत ती चकती देवीच्या रांगेत नव्हतीच. खालच्या पायरीवर, टाकांशेजारी असायची. ती पूजा करायची ती फक्त फूल आणि हळद. कुंकू नाही. कुंकू लावायला लागली ती आमची आजी, थोरली गेल्यावर. वरच्या पायरीवरही तिनेच नेली.

मग आत्याने मला त्या ओळीतलं 'अमकीचा नवरा' पुन्हा वाचायला लावलं. दोनदा. तिला थोरलीचं नाव माहीत नव्हतं. आत्याची धाकटी बहीण, जी लहानपणीच वारली, तिचं नाव तेच होतं. तिचं ते नाव का ठेवलं, ते आत्याला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

पत्रे बसले, देव्हारा जागेवर गेला. चकती खालच्या पायरीवर ठेवली आहे. शाळेच्या दगडाचा रंग काढायला गुरुजींनी परवानगी दिली, पण पाऊस थांबल्यावर. आकडा कळला की इथेच टाकतो.